सुधारलेली पेरणी व गड्यांची संमति

शेतीची नवी रीत मालक ठरवितो. परंतु ती जमिनींत उतरते गड्यांच्या व मजूरबायांच्या हातून. त्यांस ती पटली नसेल तर उत्तम रीतहि बांधावरच राहते. कचेरींत हुकुमाखालीं ‘समजलें’ अशी सही मिळविणें सोपें असतें. पेरणींत तसल्या सहीचा उपयोग नाहीं.

आपल्या जिल्ह्यांतीलच उदाहरण घेऊं. सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. तेथील व मांजरी येथील प्रयोगांतून जी पद्धति पुढें आली, तींत बांधबंदिस्ती, पावसाळ्यांत कुळवाच्या चारपांच पाळ्या, शाळूचें बीं कमी, दोन ओळींत १२ ऐवजीं १८ इंच अंतर आणि पुढें तीनचार कोळपण्या, हे मुख्य भाग होते. जमिनींत मुरलेली ओल थोड्या ताटांस शेवटपर्यंत पुरावी, हा हेतु.

पाभरीचें अंतर सुतार एका दिवसांत बदलून देतो. बियाचें प्रमाण मात्र चाड्यावर मूठ धरणाराच्या बोटांत असतें. मालकानें नुसतें बीं कमी मोजून दिलें, तर दाट सोडण्याची सवय असलेली मूठ अर्ध्या शेतांतच ओटी रिकामी करते. त्यास हट्ट म्हणूं नये. उगवण विरळ दिसली म्हणजे गांव मालकास हंसत नाहीं. ‘मूठ कोणाची होती?’ असें विचारतें. म्हणून पेरणीपूर्वीं टणक जमिनीवर पाभर चालवून, हातभर अंतरांत दाणे किती पडले तें मूठ धरणारासच मोजूं द्यावें. अंतरहि इंचांत सांगूं नये. १८ इंच म्हणजे एक हात. ‘हात’ म्हटला कीं गड्याच्या डोळ्यांपुढें ओळ उभी राहते.

याहून नाजूक गोष्ट मजुरीची. ओळी रुंद झाल्या कीं कोळपें मोकळें फिरतें आणि बायांच्या खुरपणीचे दिवस घटतात. मालकाचा जो लाभ, तोच त्यांच्या चुलीचा तोटा. मग त्यांनीं नव्या रीतीस नांवें ठेविलीं, तर त्यांत अज्ञान कोठें आहे? आमच्या मतें घटलेले दिवस बांधांच्या दुरुस्तीवर भरून देण्याचें वचन आधींच द्यावें. सालगड्याची बोली पाडव्यास होते; वाढीव उत्पन्नांत त्याचा वांटा किती, हेंहि तेव्हांच ठरावें, पेरणीच्या सकाळीं नव्हे.

गड्यांच्या संशयास हंसण्याचा अधिकार आपणांस थोडाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम निघाला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें म्हणून तो नाकारणारे आपल्यासारखे जमीनवालेच होते.

आतां पुष्कळ ठिकाणीं ट्रॅक्टरचें पेरणीयंत्र आलें आहे. तेथें मूठ गेली, पण चालकाची घाई आली. वेगानें हांकल्यास बीं सारखें पडत नाहीं. आणि भाडें एकरावर ठरलें असेल, तर त्यानें सावकाश कां हांकावें? अशा कामास तासाचा दर बरा.

पहिल्या वर्षीं सर्व शेत नव्या रीतीनें पेरूं नये. एक पट्टा जुन्या रीतीचा ठेवावा, व तो कोणता हें गड्यानें निवडावें. खळ्यावर दोन्हींचे दाणे त्याच्यादेखत मापावे. कडबाहि वेगळा रचून मोजावा, कारण गड्याची पहिली नजर पेंढ्यांवरच जाते.