चित्ताची अस्वस्थता आणि वनस्पतींचा चहा

मन थाऱ्यावर नसले, रात्री झोप येईना, उगाच छातीत धडधड होऊ लागली की घरातील वडीलधारी माणसे गवती चहाची दोन-तीन पाती, तुळशीची चार पाने आणि आल्याचा तुकडा घालून काहीतरी ऊन ऊन प्यावयास देतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा उपचार रूढ आहे. परसात सांडपाण्याच्या वाटेवर गवती चहाचे बेट आणि अंगणात तुळस असतेच. त्यांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. अलीकडे याच वनस्पती आणि त्यांच्या जोडीला बाबूना, ब्राह्मी, अश्वगंधा, जटामांसी इत्यादी आकर्षक वेष्टनांतून ‘ताण घालविणारा चहा’ म्हणून विकल्या जात आहेत. गावात शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला लोक अशा गोष्टींबाबत सल्ला विचारतात. या पेयांनी नेमके काय साधते आणि त्यांच्यावर कोठवर विसंबावे, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

वनस्पतीपासून औषध करण्याचे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच मूळ प्रकार आयुर्वेदाने सांगितले आहेत. ज्यास आज वनस्पतींचा चहा म्हणतात, तो म्हणजे फांट होय. वनस्पतीवर उकळते पाणी ओतावयाचे, भांडे झाकून ठेवावयाचे आणि थोड्या वेळाने गाळून घ्यावयाचे, एवढीच त्याची कृती. क्वाथ म्हणजे काढा. तो मंद आचेवर आटवितात. मुळे, साली यांसारख्या कठीण द्रव्यांसाठी काढा ठीक. परंतु सुगंधी पानाफुलांतील तेले उडून जाणारी असल्यामुळे त्यांना फांटच मानवतो. गवती चहाचा वास घरभर दरवळतो तेव्हा पातेल्यातला त्याचा अंश तेवढाच कमी झालेला असतो! एका कपास दोन-तीन पाती धुऊन, कातरून घालावीत व पाच-सात मिनिटे झाकून ठेवावीत, एवढे पुरे.

नेहमीच्या चहाचा हिशेब

आपल्याकडे बहुतेक घरांत गवती चहा हा चहाच्या भुकटीबरोबरच उकळला जातो. त्यात दूध-साखर पडते आणि तो ‘औषधी’ समजून दोन कप अधिक घेतला जातो. अस्वस्थ माणसाच्या दृष्टीने हा प्रकार उलट परिणाम करणारा आहे. चहाच्या भुकटीत कॅफीन असते. एका कपात त्याचे प्रमाण साधारणतः ३० ते ५० मिलिग्रॅम भरते. निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली नमूद केले. गरोदर स्त्रीसाठी ही मर्यादा निम्मी, म्हणजे २०० मिलिग्रॅम आहे. कॅफीन शरीरातून सावकाश जाते. घेतलेल्यापैकी निम्मे कॅफीन सुमारे पाच तासांनीही शरीरात शिल्लक असते. कचेरीत संध्याकाळी सहाला घेतलेला कडक चहा रात्री अकरा वाजता अंथरुणावर तळमळणाऱ्या माणसाच्या अंगात अजून काम करीत असतो. हात थरथरणे, छातीत धडधडणे, झोप उडणे ही चिंतेची लक्षणे समजली जातात. परंतु कॅफीन अधिक झाल्यानेही नेमके हेच घडते.

तेव्हा भुकटी न घालता केलेल्या फांटाचा पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा लाभ हा की, तो संध्याकाळच्या चहाची जागा घेतो. हा लाभ वनस्पतीतील कोणत्याही गूढ गुणावर अवलंबून नाही. दिवसभराच्या कामानंतर दहा मिनिटे एका जागी बसणे, ऊन पेय घोटाघोटाने घेणे, घरच्यांशी दोन शब्द बोलणे हेही त्याबरोबर येते आणि मनाला त्याचा उपयोग होतोच.

परीक्षणांतून काय आढळले

ब्राझीलमध्येही गवती चहाचा फांट चिंता व निद्रानाश यांवर परंपरेने दिला जातो. तेथील संशोधकांनी तो माणसांना देऊन पाहिला आणि १९८६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुळात अधिक चिंता करणाऱ्या १८ व्यक्तींची त्यात कसोटी घेण्यात आली. फांट घेतला असता आणि त्याऐवजी निर्गुण पेय घेतले असता चिंतेत फरक आढळला नाही. अपाय झाल्याचेही दिसले नाही. म्हणजे गवती चहा निरुपद्रवी खरा, पण तो चिंतेवरचे औषध आहे असे म्हणण्यास या परीक्षणातून आधार मिळत नाही.

बाबूना, म्हणजेच कॅमोमाइल, या फुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सौम्य ते मध्यम चिंताविकार असलेल्या ५७ रुग्णांवर आठ आठवडे प्रयोग झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत बाबूना घेणाऱ्यांची लक्षणे अधिक कमी झाल्याचे दिसले. २०१६ सालच्या दीर्घकालीन प्रयोगात रोज १५०० मिलिग्रॅम अर्क देण्यात आला. लक्षणे त्यानेही सौम्य राहिली. मात्र विकार उलटण्याचे प्रमाण निश्चितपणे घटले, असे सिद्ध होऊ शकले नाही. हे दोन्ही प्रयोग अर्काच्या कॅप्सूलवर झाले होते. कपातील फांटात तेवढाच अर्क उतरतो असे धरून चालता येत नाही, आणि वेष्टनावरील जाहिरात नेमकी ही गोष्ट सांगत नाही. गाजरगवतामुळे ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी बाबूना जपून घ्यावा. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी तो डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

ब्राह्मी या नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात: जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी. अश्वगंधा घेतल्यानंतर यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. औषधांत तिची पाने न वापरता मुळेच वापरावीत, अशी सूचना केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना केली. जटामांसी हिमालयाच्या उंच भागात उगवते. बेसुमार खोदाईमुळे ती अतिसंकटग्रस्त झाली आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून नियंत्रण आहे. आठवडी बाजारात जटामांसी म्हणून स्वस्तात मिळणारी मुळे खरोखर कशाची आहेत, याची खात्री विकणाऱ्यालाही नसते.

फांटाच्या पलीकडे

परीक्षेच्या आदल्या रात्रीची काळजी आणि चिंताविकार या भिन्न गोष्टी आहेत. काळजी महिनोन्‌महिने सरत नसेल, कामावरून, शाळेतून मन उडाले असेल, वजन घटत असेल, तर फांटावर वेळ दवडणे धोक्याचे होय. रक्तक्षय, कंठग्रंथीचा विकार किंवा हृदयविकार यांतही अशीच धडधड होते; म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली पाहिजे. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चालू असलेला माणूस ‘आता काढा सुरू केला’ म्हणून त्या एकाएकी बंद करतो, तेव्हा काही गोळ्यांच्या बाबतीत त्यास झटके येण्यापर्यंत पाळी येते. गोळ्या कमी करावयाच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी बोलू लागला, तर त्यास एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून ठेवता येईल.