समान रंगाची निवड : संगणकाची गणती आणि माणसाची नजर

घरोघरी, शाळांतून व ग्रामपंचायतींच्या कार्यालयांतून जुनी छायाचित्रे जपून ठेवलेली असतात. कालांतराने त्यांवर पिवळेपणा चढतो, डाग पडतात. अशी छायाचित्रे संगणकावर दुरुस्त करताना पहिली पायरी म्हणजे ज्या भागावर काम करावयाचे तो वेगळा निवडणे होय. एकरंगी भिंत किंवा आकाश हाताने रेघ मारून निवडणे वेळखाऊ असते. त्यासाठी समान रंगाचा भाग एका क्लिकसरशी निवडणारे साधन उपयोगी पडते. थॉमस व जॉन नॉल या बंधूंनी विकसित केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हे साधन ‘मॅजिक वाँड’, म्हणजे जादूची कांडी, या नावाने होते. विनामूल्य मिळणाऱ्या जिंप या प्रणालीतही तशी सोय आहे.

या कांडीत जादू नाही. आहे ती निव्वळ गणती. संगणकावरील चित्र सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. सर्वसाधारण चित्रात प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ मधील तीन आकड्यांनी नोंदलेला असतो. क्लिक केलेल्या बिंदूशी इतर बिंदूंचे आकडे ताडून, ठरवून दिलेल्या मर्यादेत बसणारे बिंदू निवडले जातात. जिंपमध्ये ही मर्यादा मुळात १५ असते. ती कमी-अधिक करता येते.

एक उदाहरण घेऊ. चुन्याच्या भिंतीपुढे पांढरी टोपी घातलेले गृहस्थ उभे आहेत. भिंतीचे आकडे २२५, २२०, २०५ आणि टोपीचे २३२, २२८, २१८ आहेत. फरक ७, ८ व १३. मर्यादा १५ ठेवल्यास भिंतीबरोबर टोपीही निवडली जाईल आणि पार्श्वभूमी पुसताना तीही नाहीशी होईल. मर्यादा १० ठेवल्यास टोपी वाचेल. परंतु भिंतीचा सावलीतील भाग सुटेल. अशा वेळी मर्यादा वाढवू नये. शिफ्ट कळ दाबून सुटलेल्या भागावर पुन्हा क्लिक करावे, म्हणजे तो निवडीत मिळवला जातो.

निवडीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात क्लिक केलेल्या जागेला लागून असलेले बिंदूच निवडले जातात. दुसऱ्यात संपूर्ण चित्रातील त्या रंगाचे सर्व बिंदू. विखुरलेल्या डागांसाठी दुसरा प्रकार सोयीचा असला, तरी त्यात सदऱ्याचा किंवा डोळ्यांतील पांढरा भागही सापडू शकतो. म्हणून चित्र मोठे करून चेहऱ्याच्या कडा तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये.

स्कॅन केलेले चित्र टिफ स्वरूपात साठवावे. जेपेग स्वरूपात ८ × ८ बिंदूंच्या चौकटींवर संक्षेप होत असल्याने कडांजवळचे रंग गढूळ होतात व निवड बिघडते. मूळ प्रत कायम ठेवून काम नेहमी दुसऱ्या प्रतीवरच करावे.

भिंत कोणती आणि टोपी कोणती, हे संगणकाला कळत नाही. त्याला केवळ आकडे कळतात. ते छायाचित्र एखाद्या दिवंगत व्यक्तीची एकमेव खूण असू शकते. त्यामुळे निवडीची सीमा ठरविण्याचे काम अखेर माणसाच्या नजरेनेच करावयाचे असते.