घास, मोबाईल आणि बाळाचे बोल



रविवारी मिस्साबलिदानाच्या वेळी आपल्या मागच्या बाकांकडे एकदा पाहा. पहिले वाचन सुरू झाले की दीड-दोन वर्षांचे एखादे बाळ किरकिरू लागते. आई ओशाळून इकडेतिकडे पाहते, पर्समधून मोबाईल काढते आणि आवाज बंद करून बाळाच्या हाती देते. बाळ गप्प! आजूबाजूच्यांनाही हायसे वाटते. त्या आईला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. घरी हेच मी केले आहे, आणि मी तर बावीस वर्षे बालवाडीत मुले सांभाळलेली बाई!

मुलगा आणि सून सकाळच्या लोकलने मुंबईला जातात. नातू दिवसभर माझ्याकडे. माझे गुडघे दुखतात आणि त्याचे पाय थांबत नाहीत. चार घास भरवायला पाऊण तास लागायचा. एके दिवशी मोबाईलवर प्राण्यांची गाणी लावली आणि दहा मिनिटांत वाटी रिकामी झाली. मला केवढा आनंद! महिन्याभरात सकाळची पेज, दुपारचा भात, संध्याकाळचे दूध, सारे मोबाईलसमोर सुरू झाले. पुढे सूनबाईने हिशेब केला तेव्हा दिवसाचे तीन तास भरले.

दोन वर्षे पूर्ण झाली तरी नातवाच्या तोंडी पाच-सहाच शब्द. आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घेतली. ऐकू व्यवस्थित येत होते. मग त्यांनी मला विचारले, “आजी, दिवसभर याच्याशी बोलतं कोण?” “मीच की,” मी म्हणाले. “जेवताना?” मी गप्प झाले. पूर्वी मी घासागणिक चिऊ-काऊची गोष्ट सांगायचे. मोबाईल आल्यापासून माझे तोंड बंद आणि त्याचे फक्त घासापुरते उघडे.

बाळ बोलायला शिकते ते नुसत्या कानांनी नव्हे. ते आपल्या ओठांकडे पाहते, डोळ्यांकडे पाहते, काहीतरी आवाज काढते आणि वाट पाहते. आपण उत्तर दिले की पुन्हा आवाज काढते. पडद्यावरचे कार्टून कितीही गोड बोलले तरी ते बाळाची वाट पाहत नाही, त्याला उत्तर देत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये याविषयी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बारा वेळा, प्रत्येक वेळी सुमारे पंचवीस मिनिटे, खेळल्या आणि बोलल्या. त्या बाळांना चिनी भाषेतले वेगळे ध्वनी ओळखू येऊ लागले. दुसऱ्या गटातील बाळांना त्याच व्यक्ती, तेच बोलणे, पण पडद्यावर दाखवले. त्यांना काहीच आले नाही. माणूस समोर हवा!

म्हणून “आमचा बाळ मोबाईलवरून इंग्रजी शिकतो” असे कोणी अभिमानाने सांगितले की मी जरा थांबते. वीसपर्यंत इंग्रजी आकडे घडाघडा म्हणणारे मूल मी पाहिले आहे. त्याला तहान लागली की ते मात्र आईचा पदर ओढते, ‘पाणी’ म्हणत नाही. आणि आपल्या घरातली बोली? सामवेदी असो की वाडवळी, ती कुठल्या कार्टूनमध्ये मिळणार? ती आजीच्या तोंडूनच मिळायची आणि आजीच मोबाईल लावून बसली!

येथे एक इशारा देते. मूल उशिरा बोलते याचे कारण दरवेळी मोबाईलच असते असे नाही. कानाचा दोष असू शकतो, इतर कारणेही असू शकतात. म्हणून घरच्या घरी निदान करू नये आणि एकमेकांना दोष देत वेळही घालवू नये. आधी डॉक्टर.

किती वेळ चालेल, हा प्रश्न सर्वच पालक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, कमी असेल तितके बरे. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळजवळ तोच आहे. दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल तेवढा त्यांनी लहानग्यांनाही मोकळा ठेवला आहे. ते योग्यच आहे. कारण कुवेतचा काका पडद्यावर असला तरी तो बाळाला उत्तर देतो.

पण माझ्या मते तासापेक्षा महत्त्वाचे आहे ते मोबाईल कशाची जागा घेतो हे. जेवणाची, झोपेची की बोलण्याची? तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते. झोपेच्या आधी तासभर पडदा बंद असावा असे डॉक्टर सांगतात, ते याचसाठी.

आम्ही जेवणापासून सुरुवात केली. पहिले तीन दिवस घरात आकांत होता. नातवाने ताट ढकलले, जमिनीवर लोळला. मुलगा म्हणाला, “आई, दे ना पाच मिनिटं, उपाशी राहील तो.” डॉक्टरांनी मात्र आधीच सांगून ठेवले होते की निरोगी मूल भूक लागली की खाते. (बाळाचे वजन मुळातच कमी असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावे.) चौथ्या दिवशी मी त्याला ओटीवर बसवले आणि भात त्याच्याच हातात दिला. निम्मा अंगावर, थोडा मांजराला, बाकीचा पोटात. साफ करायला मला अर्धा तास लागला. सोपे आहे असे मी म्हणणार नाही.

आता तो अडीच वर्षांचा आहे. संध्याकाळी आईच्या मांडीवर बसून वीस मिनिटे गाणी पाहतो. किती गाणी, हे आधीच ठरते. आपोआप पुढचे गाणे लागण्याची सोय सूनबाईने बंद केली आहे आणि शेवटचे गाणे लागताना “हे झालं की बंद” असे ती सांगते. अर्ध्यात हिसकावून घेतले तर रडणे ठरलेलेच! सकाळी तो माझ्याबरोबर वाडीत येतो. केळीच्या पाटात हात घालतो, विहिरीवरच्या पंपाला ‘घूऽऽ’ म्हणतो. मी कपडे वाळत घालते तेव्हा एकेक कपडा कोणाचा ते आम्ही दोघे ठरवतो. त्याला पायजमा म्हणता येत नाही, तो ‘पामजा’ म्हणतो.

मोठ्यांचे मात्र अजून जमलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्येच जेवणाच्या टेबलावर मोबाईल घेऊन बसणाऱ्या कुटुंबांविषयी काळजी व्यक्त केली होती. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला सर्वांचे मोबाईल फ्रिजवर ठेवायचे ठरले. मुलाचा ऑफिसचा फोन येतोच. परवा तो वाजला तेव्हा नातू उठला, फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाला, “बाबा, नाय!” त्याने दोन शब्द जोडून बोलण्याची ती पहिलीच वेळ होती. मुलगा उठलेला तो पुन्हा खाली बसला.