गोळ्या थांबवल्या की एचआयव्ही परत कुठून येतो?

प्रश्न : माझ्या भावाला एचआयव्ही आहे. एआरटीच्या गोळ्या तो न चुकता घेतो. यंदाच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडलाच नाही. मग डॉक्टर गोळ्या बंद का करू देत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमच्या भावाचं अभिनंदन. विषाणूचं प्रमाण असंच न सापडण्याइतकं कमी राहिलं, तर लैंगिक संबंधातून त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. पण विषाणू रक्तात सापडला नाही, तरी तो शरीरातून गेलेला नसतो.

एचआयव्ही स्वतःची जनुकं आपल्या सीडी4 या रोगप्रतिकारक पेशींच्या डीएनएमध्येच गुंफून टाकतो. यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. गोळ्या नव्या पेशींना होणारी लागण रोखतात. आधीच गुंफलेल्या जनुकांना त्यांचा धक्काही लागत नाही.

ही जनुकं गप्प का बसतात आणि अचानक का बोलू लागतात, याची किल्ली विषाणूच्या टॅट या लहानशा प्रथिनाकडे आहे. विषाणूची जनुकं वाचून त्यांची आरएनए प्रत काढायचं काम आपल्या पेशीचंच यंत्र करतं. ते सुरुवात करतं, पण साठेक अक्षरं उतरवून अडखळतं. कधीतरी एखादी प्रत पूर्ण निघते आणि तिच्यातून थोडं टॅट तयार होतं. अर्धवट आरएनएच्या सुरुवातीला ‘टार’ नावाचा एक वळसा असतो. टॅट तिथे चिकटतं आणि पेशीतलं पी-टेफ-बी हे प्रथिनसंकुल ओढून आणतं. ते अडलेल्या यंत्रावर फॉस्फेट चढवतं, आणि यंत्र शेवटपर्यंत धावतं. जास्त प्रती, म्हणून जास्त टॅट, म्हणून आणखी प्रती! निपचित पेशीत पी-टेफ-बी फारच कमी असतं, त्यामुळे हे चक्र सुरूच होत नाही. पेशी जागी झाली की मात्र ते फिरू लागतं. पुढे रेव्ह हे प्रथिन लांबलचक प्रती पेशीकेंद्रकाबाहेर काढतं आणि नवे विषाणू बांधले जातात.

आजार किती वेगाने बळावतो, यातही अशा प्रथिनांचा हात असतो. सर्वांत बोलकं उदाहरण सिडनीचं. तिथे 1980 च्या दशकात एकाच रक्तदात्याच्या रक्तातून काही जणांना लागण झाली, पण औषधांशिवायही ते वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले. त्यांच्यातल्या विषाणूच्या नेफ जनुकाचा तुकडाच गळालेला होता, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. नेफ एरवी लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा उतरवतं, म्हणून आपल्या मारक पेशींना ती ओळखू येत नाही. पुढे मात्र यातल्याही काहींच्या सीडी4 पेशी घटू लागल्या. नेफ काढलेला जिवंत विषाणू लस म्हणून वापरावा, ही कल्पना मला तरी म्हणूनच धोक्याची वाटते.

भारतात बहुतांश रुग्णांमध्ये एचआयव्हीचा ‘सी’ उपप्रकार आढळतो. त्याच्या टॅटमध्ये 31 व्या जागी बहुतेकदा सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असतं, त्यामुळे मोनोसाइट पेशींना ओढून घेण्याची त्याची ताकद घटते, असं बेंगळुरूच्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने 2004 मध्ये दाखवलं. मोनोसाइट विषाणूला मेंदूत नेऊ शकतात, म्हणून मेंदूवरच्या परिणामांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा मानला जातो.

टॅटलाच अडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. त्यामुळे गोळ्या थांबल्या, तर बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. भावाला गोळ्यांचा त्रास होत असेल, तर त्या स्वतःहून न सोडता त्याने एआरटी केंद्रात तसं सांगावं. औषधं बदलून देता येतात.