वाइंडिंगच्या दुकानातून कॉलेजात

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद ही दोन जुनी कॉलेजं. त्यांच्या फाटकांवरून रोज कामाला जाणाऱ्या कितीतरी वायरमन, वाइंडर, टर्नर यांची शाळा दहावीच्या आसपास सुटलेली असते. आता शिकायचं तर सगळं पहिल्यापासून, असं त्यांना वाटतं. तसं नाही. मात्र नुसतं अनुभवपत्र दाखवून पदवी मिळत नाही, आणि तशी जाहिरात दिसली तर एक रुपयाही देऊ नका. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते, ती आधी पाहा. अनुभवावर परीक्षा द्यायची, परीक्षेचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि त्यावर पुढचा प्रवेश मिळवायचा, अशी ही वाट आहे. इथे मोटार वाइंडिंगचं उदाहरण घेतलं आहे.

१. दहावी नसेल तर आधी ती. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून, म्हणजे एनआयओएसकडूनही दहावी करता येते. अटी जुळल्या तर जुन्या मंडळात सुटलेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे धरले जातात.

२. कामाची वही घाला. सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्या. ‘मोटारीचं वाइंडिंग करतो’ एवढ्यावर भागत नाही. काम जसं होतं तसं लिहा: जळालेली मोटार उघडून एचपी, आरपीएम, स्लॉट, कॉईलचे टर्न, पिच, तारेचा गेज उतरवून घेतला; स्टेटर साफ करून इन्सुलेशन पेपर बसवला; कॉईल भरल्या, कनेक्शन केलं, मेगर लावला; वार्निश करून सुकवलं; शेवटी मोटार नो-लोडवर चालवून तिन्ही फेजचा करंट मोजला. विहिरीवरची साधी मोटार आणि बोअरची सबमर्सिबल वेगळ्या पानांवर घ्या. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते, तिथे वार्निशचं काम नाही. असा फरक नोंदीत दिसला की माणसाने हे हाताने केलंय, हे जाणकाराला लगेच कळतं.

प्रत्येक कामापुढे तासही टाका. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला एक क्रेडिट आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० क्रेडिट धरली आहेत. कामाच्या अनुभवालाही त्यात वजन दिलं आहे. पण दुकानातले तास आपोआप क्रेडिट होत नाहीत, आधी मूल्यमापन व्हावं लागतं.

३. पुरावे गोळा करा. मालकाचं अनुभवपत्र लेटरहेडवर हवं, त्यात कधीपासून कधीपर्यंत आणि नेमकं कोणतं काम हे हवं, खाली सही-शिक्का. स्वतःचं दुकान असेल तर उद्यम नोंदणी, परवाना, जुनी बिलबुकं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतंय ना, हे आत्ताच पाहा. फॉर्म भरायच्या दिवशी ते निस्तरता येत नाही.

४. परीक्षा निवडा. पूर्वकौशल्य मान्यतेत, म्हणजे आरपीएलमध्ये, थोडक्या दिवसांची उजळणी आणि मग मूल्यमापन असतं. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र चांगलं. पण कॉलेजकडे जायचं असेल तर माझा कल आयटीआयच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेकडे आहे. अनुभवी माणसाला तिथे खासगी उमेदवार म्हणून बसायची सोय आहे. वय, शिक्षण आणि अनुभवाच्या वर्षांच्या अटी त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात, त्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन वाचा. प्रॅक्टिकल तुम्ही काढालच. तयारी थिअरीची, गणिताची आणि ड्रॉइंगची करा. वर्षानुवर्षं उत्तम काम करणाऱ्यालाही कागदावरचं वाइंडिंग डायग्राम नवखं वाटतं, म्हणून दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीचं डायग्राम वहीत काढत चला.

५. पुढचा प्रवेश. दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन जवळच आहे. डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. खासगी बसून मिळवलेलं प्रमाणपत्र त्या वर्षीच्या प्रवेश नियमांत धरतात का, हे फी भरण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इंजिनिअरिंग नको असेल तर बारावी करून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळत पदवी घेता येते. १९८९ पासूनचं हे विद्यापीठ अभ्यासकेंद्रांमार्फत चालतं, रोज वर्गात बसावं लागत नाही.

६. प्रवेश झाला की डिजिलॉकरवरून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडा. मिळवलेली क्रेडिट तिथे जमा होतात आणि साधारण सात वर्षं वापरता येतात. पंपांच्या सीझनमध्ये एखादं सत्र सुटलं तरी आधीचं वाया जात नाही. कॉलेजने क्रेडिट चढवली का, हे प्रत्येक निकालानंतर खात्यात बघा आणि नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या.