साथ चालू असताना प्रतिकारशक्ती दाबायची कशाला?

प्रश्न : आईने माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली आणि काही महिन्यांतच कोरोना आला. आम्ही भिवंडीत, यंत्रमागाच्या कारखान्याला लागून, एका खोलीत सहा जण राहतो. अख्खी चाळ प्रतिकारशक्ती वाढवायला काढा पीत होती आणि डॉक्टर मात्र भावाला ती दाबायच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस म्हणून बजावत होते. ही उलटी गंगा कशी? पुन्हा साथ आली तर काय करायचं?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : गंगा उलटी वाटते खरी, पण डॉक्टरांचं बरोबर होतं. किडनी आईची असली तरी भावाच्या शरीराच्या लेखी ती परकीच. शरीराचा पहारा कडक राहिला तर तो त्या किडनीवरच तुटून पडतो. टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन या गोळ्या हा पहारा सैल ठेवतात. कोरोनाच्या भीतीने त्या परस्पर बंद करणं म्हणजे किडनी घालवण्याची तयारी. लागण झालीच तर एखादी गोळी काही दिवस कमी करतात, पण ते किडनीच्या डॉक्टरांनी तपासण्या बघून ठरवायचं.

‘इम्युनिटी वाढवा’ हा २०२० चा मंत्र मला तेव्हाही खटकायचा. काढा ती खरंच वाढवत असेल तर भावाने तो घेऊ नये. वाढवत नसेल तर घ्यायचा कशाला? त्यातून काढ्यात गुळवेल असेल तर आणखी जपा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. त्या वादाचा निकाल काहीही लागो, किडनी बदललेल्या माणसाने त्यात पडू नये.

आता लस. पहारेकरीच पेंगत असतील तर त्यांना चोराचा फोटो दाखवून कितीसा उपयोग? अमेरिकेत अवयव बदललेल्या ६५८ जणांपैकी ५४ टक्क्यांच्याच रक्तात एमआरएनए लशीच्या दोन डोसनंतर प्रतिपिंडं सापडली. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे अशा रुग्णांना तिसरा डोस मिळू लागला. आपल्याकडे हा तिसरा डोस ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने १० जानेवारी २०२२ पासून सुरू झाला, तोही आरोग्य आणि आघाडीवरचे कर्मचारी आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे लोक यांच्यासाठी. तुमच्या भावासारख्या तरुण रुग्णाला १० एप्रिलपर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही खासगी केंद्रात पैसे मोजून. सरकारने वय बघितलं, गोळ्या बघितल्या नाहीत. हे मला आजही पटत नाही.

म्हणून भावाची खरी राखण घरातल्या बाकीच्या पाच जणांच्या हातात आहे. लस तुमच्या अंगी चांगली लागते, तेव्हा तुमचे डोस चुकवू नका. बारा तासांची पाळी करून येणाऱ्याला साधा खोकला असला तरी त्याने घरात मास्क लावावा. भावाने गर्दीत आणि दवाखान्यात एन-९५ वापरावा. वेगळी खोली कुठून आणणार, हे मलाही कळतं. निदान दार-खिडकी उघडी ठेवा आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. जो आजारी पडेल त्याची झोपायची सोय दुसरीकडे करा. भाऊ बरा असताना त्यालाच हलवण्यापेक्षा हे सोपं. त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जागा मागायला लाजू नका. अडीअडचणीला जागा देणारे तुमच्याकडे आहेत: जून २०२० मध्ये भिवंडीतच शांतीनगरच्या मक्का मशिदीत मोफत ऑक्सिजन केंद्र उघडलं होतं.

एक गोष्ट मात्र साथ असो वा नसो, पाळाच. भावाला ताप आला की मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी किडनीलाच इजा होते. कोरोनावरच्या पॅक्सलोविडचंही टॅक्रोलिमसशी जमत नाही. नवा डॉक्टर भेटला की आजार सांगण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा.