उद्योगी पुरुषांचीं चरित्रें कशीं वाचावीं?

विद्यार्थी मित्रहो, उद्योगधंद्यांत यश मिळविलेल्या पुरुषांचीं चरित्रें वाचण्याची गोडी तुमच्यांत दिसते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळ वाचक अशा चरित्राचें शेवटचें प्रकरणच आधीं उघडतात. कारखाना केवढा, संपत्ति किती, मानसन्मान कोणते, एवढें पाहून ते थक्क होतात व पुस्तक मिटतात. थक्क होणें म्हणजे स्फूर्ति घेणें नव्हे. कळस दुरूनही दिसतो. पाया मात्र जवळ जाऊन पाहावा लागतो. तो कसा पाहावा, हें एका चरित्रावरून समजून घेऊं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या अभ्यासापेक्षां त्यांचा ओढा चित्रकलेकडे व यंत्रांकडे होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकूं लागले; परंतु आपणांस कांहीं रंगांतील भेद ओळखतां येत नाहीं, असें त्यांना तेथें आढळून आलें. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा घाव कोणता? येथें चरित्रास पहिला प्रश्न विचारावा: वाट बंद झाल्यावर या मनुष्यानें काय केलें? रंग गेले तरी रेषा हातीं होती. त्यांनीं यंत्रांच्या रेखाटनाची विद्या संपादन केली व त्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. त्यांचा दोष नाहींसा झाला नाहीं. त्यांनीं दिशा बदलली. पुढें बढतीच्या वेळीं त्यांना डावलण्यांत आलें, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवास आले आणि बंधु रामूअण्णा यांच्यासह त्यांनीं सायकलींचा व्यापार वाढविला. नंतर कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर तयार करण्यास त्यांनीं आरंभ केला.

दुसरा प्रश्न असा: यश येईपर्यंत त्यांना किती काळ थांबावें लागलें? लांकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथवितो. तरीही लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर होऊन पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. पुस्तकांत हीं दोन वर्षें एका ओळींत संपतात. जगणाऱ्यास मात्र तीं दिवसादिवसानें काढावीं लागलीं. सहामाही परीक्षेंत गणितांत नापास झाल्याबरोबर “मला गणित येणार नाहीं” असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें ही एक ओळ सावकाश वाचावी.

तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं: त्यांना साहाय्य कोणाचें झालें? बेळगांवची जागा सोडणें भाग पडलें, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांना जमीन दिली. ती ओसाड होती. निवडुंग व साप यांचेंच तेथें राज्य होतें. १९१० सालीं त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहूं लागली. जमीन राजानें दिली, घाम सहकाऱ्यांनीं गाळला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनीं पहाऱ्याचें काम दिलें. स्वतःस मिळालेला विश्वास त्यांनीं दुसऱ्यांस दिला, हें मला कारखान्याच्या विस्ताराहून थोर वाटतें. १९५६ सालीं ते निवर्तले. त्यांच्या नांवाचा उद्योग आजही चालू आहे.

आतां एक सावधगिरीची सूचना. श्रम करणारे सर्वच जण कारखानदार होत नाहींत. ज्यांनीं तेवढेंच कष्ट केले, पण ज्यांना जमीन मिळाली नाहीं, त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. म्हणून अशा चरित्रांतून संपत्तीची हमी शोधूं नये. चिकाटी, कौशल्य व कृतज्ञता हे गुण शोधावे. ते धंद्यांत उपयोगी पडतात आणि धंदा बुडाल्यावरही उपयोगी पडतात.

पालकांसही नम्र विनंति आहे. पाटी-पुस्तकांत मागें पडलेला मुलगा घरचें बिघडलेलें कुलूप खोलून नीट बसवीत असेल, तर त्यास “उद्योग नाहीं का दुसरा?” असें म्हणूं नका. कदाचित् तोच त्याचा उद्योग ठरेल. अभ्यास सोडूं देऊं नये, हें खरेंच. रेखाटनाची विद्या नसती तर लक्ष्मणरावांचे नांगरही झाले नसते. परंतु हातांच्या विद्येस कमी लेखूं नये. प्रभु येशूनें सांगितलेल्या दृष्टांतांत भयानें आपलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकरास धन्यानें दोष दिला. मुलाच्या अंगचा गुण लोकलज्जेनें पुरून टाकणें हेंही तसेंच नव्हे काय?

विद्यार्थ्यांनो, या सुटींत एक चरित्र निवडा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वाट कोठें अडली व पुढें काय केलें, किती काळ धीर धरला, कोणी हात दिला. मग पान उलटून तेच तीन रकाने स्वतःसाठीं आखा. पहिल्या दिवशीं ते कोरे राहिले तरी हरकत नाहीं. ते प्रामाणिकपणें भरूं लागणें, हेंच चरित्रवाचनाचें खरें फळ होय.